तृतीयपुरुषी आदर

इंग्रजीतली एखादी कथा मराठीत आणायला बसलं की पहिल्याच संवादाशी अडखळायला होतं. दोन माणसं बोलत असतात, दोघंही एकमेकांना 'यू' म्हणतात, आणि दहा पानं उलटली तरी त्यांच्यात थोरलं कोण, धाकटं कोण हे लेखकाने सांगितलेलं नसतं. त्याला तशी गरजच पडत नाही. मला मात्र मराठीत पहिलं क्रियापद लिहिण्याआधी दोघांची वयं ठरवावी लागतात. 'बस' की 'बसा'? 'आलास' की 'आलात'? हिंदीत तू-तुम-आप, बांगलात तुई-तुमि-आपनि, तेलुगूत नुव्वु-मीरु, तमिळमध्ये नी-नींगळ. या देशातल्या कितीतरी भाषांमध्ये माणसाचं वय असं क्रियापदात शिरून बसलेलं आहे.

आणि याचा आपल्याला केवढा अभिमान! अनुवादाच्या कुठल्याही कार्यशाळेत, बहुभाषिक संमेलनात, हमखास कुणीतरी उठून सांगतं की इंग्रजीत आदर नाही, आमच्या भाषांमध्ये तो व्याकरणातच आहे. टाळ्या पडतात. गेली वीस वर्षं मी या टाळ्या ऐकते आहे आणि आता मला त्यांच्याविरुद्ध बोलायचं आहे. व्याकरणातला आदर ही आपल्याकडे नुसती पावती झाली आहे. ती एकदा फाडून दिली की माल द्यायची जबाबदारी कुणावर उरत नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण आदरार्थी बहुवचन देतो आणि त्या बदल्यात त्याचा द्वितीयपुरुष काढून घेतो. म्हणजे असं की, त्याच्याशी बोलणं थांबवतो आणि त्याच्याविषयी बोलायला लागतो.

उदाहरण घरचंच देते. आई शहात्तर वर्षांची आहे. वडील गेल्यावर ती माझ्याकडे हैदराबादला आली. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी तिला एका खाजगी रुग्णालयात घेऊन गेले. तरुण डॉक्टर, अतिशय सभ्य. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची पुढे केली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "इनको शुगर है क्या?" आई हिंदी उत्तम समजते. ती म्हणाली, "नाही, मला बीपी आहे, गोळी सकाळची." डॉक्टर पुन्हा माझ्याकडे बघून, "क्या बोल रही हैं?" त्या वाक्यातला आदर पाहा. 'इनको', 'रही हैं' – व्याकरणाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण. पण तिच्या डोळ्यांबद्दलच्या वीस मिनिटांच्या बोलण्यात त्या माणसाने तिच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही, यंत्र लावलं तेवढं सोडून. लेन्स कुठली घालायची हेही मलाच विचारलं. तीन किमतींच्या तीन लेन्स होत्या. आई शेजारी बसून आपल्याविषयीचा संवाद ऐकत होती, एखाद्या नाटकात दोन पात्रांनी तिसऱ्या पात्राबद्दल बोलावं आणि ते पात्र विंगेऐवजी रंगमंचावरच बसलेलं असावं, तशी.

हे हैदराबादचं वैशिष्ट्य नाही. पुण्यात, नागपुरात, इंदुरात, जिथे भाषेची काहीही अडचण नाही तिथेही हेच चालतं. "काकांना जेवण जातंय का?" हा प्रश्न काकांच्या पायथ्याशी उभं राहून काकांच्या सुनेला विचारला जातो. "त्यांना काही सांगू नका हं, त्यांना सहन होणार नाही" हे वाक्य तर प्रत्येक मराठी घराने कधी ना कधी रुग्णालयाच्या जिन्यात ऐकलेलं किंवा उच्चारलेलं आहे. ज्या माणसाने दुष्काळ पाहिला, फाळणी किंवा आणीबाणी पाहिली, दोन मुलं आणि एक नवरा पोहोचवला, त्याला स्वतःच्या पोटातल्या गाठीची बातमी सहन होणार नाही हे ठरवणारे आपण कोण? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती ही संमती नव्हे. त्या खटल्यातली रुग्ण ४४ वर्षांची होती आणि ती भुलेखाली असताना शस्त्रक्रियेला होकार दिला होता तिच्या आईने. म्हणजे तिथे वयाची गंगा उलटी वाहिली होती. पण तत्त्व तेच आहे, आणि ते ७६व्या वर्षी रद्द होतं असं त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

आता नात्यांच्या शब्दांकडे येऊ. परक्या माणसाला काका, मावशी, आजी म्हणण्याची आपली रीत परदेशी पाहुण्यांना फार गोड वाटते. आपल्यालाही वाटते. पण हे शब्द नेमके कुणाला आणि कुठे लागतात ते तपासा. सरकारी रुग्णालयातली आया ही 'मावशी'. शाळेतला शिपाई 'मामा'. तिचं वय तिशीतलं असो की साठीजवळचं, "मावशी, जरा चादर बदल" असंच ऐकू येतं; शब्द नात्याचा, क्रियापद एकवचनी. डॉक्टर तिच्याहून तीस वर्षांनी लहान असला तरी तिला 'तू' म्हणतो आणि ती त्याला 'साहेब'. तेव्हा नात्याचा शब्द वयाच्या मागे चालतो हा समजच चुकीचा. तो पगाराच्या मागे चालतो. वय ही त्याची सबब आहे.

त्यातही बाईचं वय निराळं. कितीतरी मराठी घरांत बाबांना 'अहो' आणि आईला 'अगं' असतं, आणि त्यात प्रेमच असतं याबद्दल वाद नाही. पण हा घरातला 'अगं' वॉर्डात पोहोचला की त्याचं काय होतं बघा. पुरुषांच्या बाजूला "आजोबा, हात द्या" आणि बायकांच्या बाजूला "आजी, हात दे. आजी, तोंड उघड. शहाण्यासारखी पड बघू." ज्या सुरात तीन वर्षांच्या मुलाला वरणभात भरवतात त्याच सुरात. बोलणारी नर्स दुष्ट नसते. तिला खरोखरच वाटत असतं की आपण माया करतोय. मायेला हरकत कशी घ्यायची, हीच तर यातली मेख आहे. अपमानाविरुद्ध तक्रार करता येते, मायेविरुद्ध अर्ज करायला खिडकी नाही.

तेलुगू शिकायला लागले तेव्हा एक गोष्ट मला आवडली. 'अम्मा' हा शब्द तिथे साठ वर्षांच्या बाईलाही लावतात आणि सहा वर्षांच्या मुलीलाही. बंगालीतही लहान पोरीला लाडाने 'मा' म्हणतात. त्यामुळे शब्दाला वयाचा शिक्का तेवढा घट्ट बसत नाही. आणि आदर दाखवायचा तर नावाला 'गारु' जोडतात. नाव शाबूत राहतं. मराठीतही हे होतं की! इरावतीबाई, दुर्गाबाई, शांताबाई. ही नावं आपण अजूनही अशीच लिहितो. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा दुर्गा भागवतांचं वय ६५ होतं. त्यांना 'आजी' म्हणण्याची कुणाची छाती झाली असती? 'बाई' हा मराठीतला पुरेसा भारदस्त शब्द होता. आपण तो आधी शाळेपुरता ठेवला, मग धुण्याभांड्यांपुरता, आणि आता पासष्टीच्या निवृत्त प्राध्यापिकेला हाक मारायला आपल्याकडे 'आजी'खेरीज काही उरलेलं नाही. तिला नातवंडं आहेत की नाहीत, ती लग्न करून मोकळी झाली की न करता, कशाची चौकशी नाही.

वयाचा हा खेळ खालच्या बाजूनेही चालतो, ते एका परिच्छेदात उरकते. पंचविशीत माझं पहिलं भाषांतर एका प्रकाशकाकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला 'आमची मुलगी' म्हणून चार जणांत मिरवलं. पुस्तक निघालं. मानधनाचं विचारलं तर ते खरोखर दुखावले. मुलगी कधी पैसे मागते का? मराठीत 'मानधन' हा शब्द फार सुंदर आहे. त्यातला मान मुलीला द्यायचा नसतो आणि धन मागायचं नसतं. एवढंच.

आपलं शासन तर या कौटुंबिक शब्दकोशात सगळ्यांच्या पुढे आहे. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या निराधार व्यक्तींसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचं नाव आहे 'श्रावणबाळ'. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना २०२२पासून मोफत प्रवास, तिचं नाव 'अमृत'. सत्तरीपुढच्यांना केंद्राने २०२४मध्ये आयुष्मानचं कार्ड देऊ केलं, ते 'वय वंदना'. सगळी नावं हात जोडून उभी. एसटीचा मोफत प्रवास मोलाचाच आहे, ती योजना आल्यापासून लेकीकडे, बाजाराला, पंढरपूरला जाणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण गाडीची पहिली पायरी अजून गुडघ्याच्या वरच आहे. अमृत प्यायला आधी चढावं लागतं.

श्रावणबाळ या नावावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण अनुवादकाला नावं सुखाने झोपू देत नाहीत. राज्याने स्वतःला इथे मुलगा ठरवलं आहे. मग म्हातारे कोण? कावडीतले. खांद्यावर उचलायचं ओझं, डोळ्यांनी आंधळं, पाण्यासाठी तहानलेलं. या योजनेत २०२३पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला मागितला जातो. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांत अख्खं कुटुंब. असं कुटुंब कागदावर जिवंत ठेवणं हीच एक कला आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५००. दोनशेचा हा आकडा २००७मध्ये होता तोच आजही आहे. तेव्हा दोनशेत काय यायचं आणि आता काय येतं याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या किराण्याच्या यादीवरून करावा. हा श्रावण कावड उचलतो खरा, पण काशीपर्यंत नेत नाही, वेशीबाहेर ठेवतो.

आणि मूळ कथा काय आहे? वाल्मीकीच्या अयोध्याकांडात कावड नाहीच. त्या मुलाला नावही नाही. तो शरयूवर पाणी भरायला आला आहे, दशरथ आवाजावरून बाण सोडतो, मुलगा मरतो. मग राजा स्वतः त्या आंधळ्या म्हाताऱ्यांपुढे जाऊन उभा राहतो आणि म्हातारा बोलतो. तो शाप देतो. पुत्रशोकाने तूही मरशील. पुढच्या रामायणात दशरथाच्या मरणाला जे कारण घडतं ते या म्हाताऱ्याच्या तोंडून आलेलं आहे. पालीतल्या साम जातकात तर आणखी पुढची गोष्ट: तिथेही राजाचा बाण लागतो, पण आईबाप मुलाच्या अंगावर हात ठेवून सत्यवचन उच्चारतात आणि तो उठून बसतो. अजिंठ्याच्या लेण्यांत हे जातक रंगवलेलं आहे. म्हणजे वैदिक म्हणा, बौद्ध म्हणा, आपल्या परंपरेत या कथेतली ताकद आंधळ्या आईबापांच्या बोलण्यात आहे. एकीकडे ते बोलणं राजाला मारतं, दुसरीकडे मुलाला उठवतं. आणि अख्ख्या कथेतून आपल्या लोकपरंपरेने आणि तिच्या मागून शासनाने उचललं काय, तर कावड. जिच्यात बसलेल्यांना बोलायचं काम नाही.

पुंडलिकाचंही तसंच. पण निदान त्या कथेत एक गोष्ट चोख आहे. तिथे म्हातारी माणसं आधी आणि देव रांगेत, विटेवर. आपल्या बँकांनी पुंडलिकाची तसबीर लावायला हरकत नाही.

कारण बँकेत काय होतं? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७मध्ये बँकांना सांगितलं की ज्येष्ठांसाठी वेगळा काउंटर ठेवा आणि सत्तरीपुढच्यांना मूलभूत सेवा घरी जाऊन द्या. मी ज्या शाखांत जाते तिथे 'ज्येष्ठ नागरिक' अशी पाटी आहे, पाटीखाली खुर्ची आहे आणि खुर्चीत बहुधा कुणी नसतं. घरपोच सेवेची चौकशी केली तर "ॲपवरून रिक्वेस्ट टाका" असं सांगितलं जातं. ज्याला ॲप जमतं त्याला घरपोच सेवा कशाला हवी, हा प्रश्न विचारायचा नसतो. ओटीपी तीस सेकंदांत टाकायचा. चष्मा शोधण्यातच वीस जातात. मग मुलगा किंवा सून किंवा खालच्या मजल्यावरचा पोरगा लागतो. त्याच्या हातात मोबाइल, त्याला पिन माहीत, आणि खातं कुणाचं हे फक्त पासबुकावर छापलेलं. स्वतःच्या पैशाशी बोलायलाही मध्ये एक तरुण दुभाषा हवा अशी व्यवस्था आपण उभी केली आणि तिला सोय म्हटलं.

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस समोर उभा आहे, बोलतोय, भांडतोय, तरी जिवंत आहे की नाही हे कागद ठरवणार. २०१४मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, आता दाखला संगणकावर, अंगठा लावला की झालं. फक्त म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली, कापूस वेचला, विटा वाहिल्या त्यांच्या तर लवकर झिजतात. "अंगठा लागत नाही" हे नवं मराठी वाक्य आहे, रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे ऐकू येणारं. यातली गंमत अशी की 'अंगठाछाप' ही एकेकाळी निरक्षरांना दिलेली शिवी होती. आज पीएच.डी. झालेली माणसंही अंगठा पुढे करून उभी असतात आणि यंत्र त्यांना नाकारतं. २०२१मध्ये चेहरा ओळखण्याची सोय झाली. ऐंशीपुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना आता ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सुधारणा झालेल्या आहेत, हे मान्य. पण प्रत्येक सुधारणा माणसाला यंत्रापुढे थोडं अधिक सोयीने उभं करणारी आहे, समोरच्या माणसाने वर पाहून "नमस्कार, आलात का, बसा" म्हणण्याची एकही नाही.

रेल्वेचं तर काय बोलायचं. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८व्या वर्षानंतर ५० टक्के सवलत होती. २० मार्च २०२०पासून ती थांबवली, म्हाताऱ्यांनी महासाथीत प्रवास करू नये म्हणून. त्यांच्याच काळजीपोटी. पुढे साथ ओसरली, गाड्या भरून वाहू लागल्या, काळजी तेवढी राहिली. खालच्या बाकाची सोय मात्र चालू आहे, ती ४५ वर्षांवरच्या बायकांनाही मिळते. म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने मी आता खालच्या बाकावरची झाले आहे. गुडघे कुरकुरतात तेव्हा मी ती सोय आनंदाने घेते आणि त्यात मला कुणाचा आदर नको असतो. बाक हवा असतो.

नेमकं हेच मला आपल्या साहित्याबद्दल म्हणायचं आहे, कारण हे अंक वाचणारे आपण सगळे साहित्यवाले. म्हातारपणाची गोष्ट आपण जवळजवळ नेहमी कृतघ्न मुलांची गोष्ट म्हणून सांगितली. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७०चं. दळवींच्या 'संध्याछाया'त मुलं दूर गेलेलं जोडपं. हिंदीत प्रेमचंदांची 'बूढी काकी', भीष्म साहनींची 'चीफ की दावत', आणि मग 'बागबान'सारखा सिनेमा. यातल्या पहिल्या चार कलाकृतींना मी नावं ठेवत नाही, त्या मोठ्याच आहेत. 'चीफ की दावत'मध्ये साहेब जेवायला येणार म्हणून नवराबायको घरातलं फालतू सामान लपवत असतात आणि त्या ओघात प्रश्न येतो की आईचं काय करायचं. साहनींनी आईला सामानाच्या यादीत बसवून जे दाखवलं ते दहा निबंधांनी दाखवता येणार नाही. पण या कथांचं आपण प्रेक्षक-वाचक म्हणून जे केलं त्याबद्दल माझी तक्रार आहे. आपण त्यांच्यातून एक सोयीचा खलनायक उचलला. मुलगा. सून तर विचारूच नका. नाट्यगृहात रुमाल ओले केले, घरी येऊन आईला फोन केला, आणि बँकेतली खुर्ची, एसटीची पायरी, दोनशे रुपये यांच्याकडे पाहायची गरज राहिली नाही. म्हातारपण हा घरगुती अश्रूंचा विषय झाला. व्यवस्थेचा तो कधी झालाच नाही.

कायद्यानेही तोच साचा घेतला. २००७चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा उपयोगी आहे, हे आधी सांगते. बूढी काकीने गोड वचनांना भुलून सगळी मालमत्ता पुतण्याच्या नावावर केली होती. तिला प्रेमचंदांच्या कथेत उष्ट्या पत्रावळींपर्यंत सरपटत जावं लागलं. आज सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता या कायद्याच्या २३व्या कलमाखाली परत मागता येते. तसं कलम यायला बरीच वर्षं लागली, पण आलं. मात्र अनुवादक म्हणून या कायद्याची क्रियापदं वाचा. मुलांवर बंधन आहे: चरितार्थ द्यावाच लागेल, महिन्याला कमाल १०,००० रुपये, सोडून दिलं तर तीन महिने कैद होऊ शकते. शासनाच्या बाबतीत १९वं कलम म्हणतं की शासन जिल्ह्याजिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. शकेल. मुलाने केलंच पाहिजे आणि शासनाला जमलं तर. कायद्याची मूळ भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे इथे क्रियापदाचा दोष आपल्या आदरार्थी व्याकरणावर ढकलता येणार नाही.

या सगळ्यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं, काउंटरवरच्या माणसाकडे वेळ नसतो. खरं आहे. त्याच्यापुढे साठ माणसं, त्याची नोकरी कंत्राटी, त्याचं टार्गेट वेगळं. तो विशी-पंचविशीतला मुलगा आहे आणि त्याचाही साहेब त्याला 'अरे' म्हणतो. म्हणूनच तर मी त्याच्या संस्कारांबद्दल बोलत नाही. संस्कार हा शब्द माझ्यासमोर कुणी काढू नये. माणसं वाढवा, खुर्चीत माणूस बसवा, एका ज्येष्ठाला दहा मिनिटं देणं हे त्याच्या कामात मोजा. आपण त्याला सुविचार देतो आणि शेजारचं पद रिकामं ठेवतो.

दुसरं उत्तर भाषेचं. मुलांमागे परराज्यात गेलेल्या आईवडिलांना तिथली भाषा येत नाही, मग मुलांशी बोलण्यावाचून इलाज काय? बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम इथल्या इमारतींच्या बाकांवर संध्याकाळी बसलेली मराठी, बंगाली, ओडिया म्हातारी माणसं पाहिली की या उत्तरात तथ्य वाटतं. पण आमच्या गल्लीत हातगाडीवर भाजी विकणारी एक बाई आहे. तिला मराठी येत नाही, आईला तेलुगू येत नाही. दोघींमध्ये आकडे, बोटं, थोडी हिंदी आणि भरपूर मान हलवणं एवढीच भाषा. ती बाई कधीही माझ्याकडे बघून "अम्मांना काय हवंय" असं विचारत नाही. आईला विचारते, आईला फसवते, आई वांगी परत टोपलीत टाकते, मग ती कढीपत्ता फुकट देते. तिला आईला भाजी विकायची असते, त्यामुळे आई तिच्यासाठी समोरची व्यक्ती असते. आईनेही दोन वर्षांत पन्नासपर्यंतचे तेलुगू आकडे शिकून घेतले, ते डोळ्यांच्या डॉक्टरमुळे नव्हे.

आता शेवटी आपल्याच घराची झाडलोट. 'रेत समाधी'तली ऐंशी वर्षांची बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते आणि मग उठते, निघते, सरहद्द ओलांडते. गीतांजली श्रींनी मुलगा-सून-अश्रू हा साचा मोडला आणि २०२२च्या आंतरराष्ट्रीय बुकरनंतर सगळ्या भारतीय भाषांनी त्याचं कौतुक केलं. कौतुक करणाऱ्या आपण अनुवादकांनी आणि संपादकांनी आपली हस्तलिखितंही एकदा तपासावीत. दोन वर्षांपूर्वी मी एका हिंदी कादंबरीचं भाषांतर केलं. तिच्यात 'बुढिया' आहे. एकटी, तिरसट, बिडी ओढणारी, कुणाची कुणी नसलेली. मी 'म्हातारी' लिहिलं. छापून आलं तेव्हा संपादकीय संस्कारात ती पहिल्या पानापासून 'आजीबाई' झाली होती, आणि तिच्या शिव्याही सौम्य झाल्या होत्या. विचारलं तर उत्तर आलं, "अहो, 'म्हातारी' वाचायला कसंसंच वाटतं. थोडा आदर नको का?" गावातली माणसं तिला घाबरतात, तिची जमीन बळकावायला बघतात, ती पंचायतीत उभी राहून सरपंचाला तोंडावर चोर म्हणते. हे सगळं आता एक आजीबाई करते आहे, आणि ते कुणालाही खरं वाटत नाही, हे एका परीक्षणात लिहूनही आलं. दुसऱ्या आवृत्तीच्या करारात मी एक ओळ घालून घेतली आहे: २१४ ठिकाणी 'आजीबाई' काढून 'म्हातारी' करावं, आणि शिव्या मूळ हस्तलिखिताप्रमाणे.